√१० हाताने काढताना ३ धरायचे, ४ धरायचे, की आणखी काही?

दशांशचिन्ह
घातांक अपूर्णांक असला तरी द्विपद विस्तार चालतो, फक्त तो कधी संपत नाही. एवढं माझ्या शिकवणीतल्या मुलांना पटलेलं आहे. सूत्र असं:

√(१+क्ष) = १ + क्ष/२ − क्ष²/८ + क्ष³/१६ − ५क्ष⁴/१२८ + …

गोंधळ पुढे होतो. कॅल्क्युलेटर न वापरता पहिली चार पदं घेऊन √१० काढा म्हटलं, तर तीन मुलांची तीन उत्तरं आली.

एकीने १० = ९ + १ धरून ३·√(१ + १/९) केलं. उत्तर ३.१६२२९.
दुसऱ्याने १० = १६ − ६ धरून ४·√(१ − ३/८) केलं. उत्तर ३.१६६५.
तिसऱ्याने सरळ √(१ + ९) लिहून क्ष = ९ ठेवलं. उत्तर ४०.९३७५.

तिसऱ्याचं काय चुकलं ते मुलांना सांगितलं, पण "क्ष एकपेक्षा लहान हवा" हा नियम म्हणून सांगितला. का हवा, ते नीट सांगता आलं नाही. तेव्हा प्रश्न तीन आहेत. एक, हे का? दोन, सुरुवातीचा आकडा कसा निवडायचा? तीन, खरं उत्तर माहीत नसताना आपली किती दशांश स्थळं बरोबर आहेत हे कसं ओळखायचं?

पाढेवाला
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जवळचा पूर्ण वर्ग घ्या. ९ जवळ आहे, १६ लांब आहे. संपलं.

आळशी_अंक
तिसऱ्या मुलाला माझा सलाम. √१० = ४०.९३७५ लिहून खाली दोन रेघा मारायला जिगर लागते.

कडेकडेने
त्या मुलाला आणखी एक पद घ्यायला सांगा, म्हणजे गंमत कळेल. क्ष = ९ ठेवून बेरजा अशा जातात: १, ५.५, −४.६२५, ४०.९३७५, −२१५.३५… प्रत्येक पद आधीच्यापेक्षा मोठं, चिन्ह उलटसुलट. हे कुठेच टेकणार नाही.

आता "का". उजवीकडे पदांचे सहगुणक फार हळू लहान होतात: १/२, १/८, १/१६, ५/१२८, ७/२५६… त्यामुळे पदं आटोक्यात ठेवायचं काम जवळजवळ सगळं क्ष च्या घातांवर पडतं. क्ष एकपेक्षा मोठा असला की घात वाढत जातात आणि सहगुणकांचं काही चालत नाही.

पण मला आवडणारं कारण वेगळं आहे. √(१+क्ष) या वक्राकडे बघा. उजवीकडे तो कितीही लांब शांतपणे जातो, क्ष = ९ ला काहीही गडबड नाही. गडबड डावीकडे आहे. क्ष = −१ ला वर्गमूळ शून्य होतं, वक्र तिथे उभा होतो, आणि त्यापलीकडे वास्तव किंमतच नाही. क्ष च्या घातांची श्रेढी (म्हणजे अशी न संपणारी बेरीज) शून्याभोवती दोन्हीकडे सारख्याच अंतरापर्यंत चालते. डावीकडे −१ ला अडली म्हणजे उजवीकडेही १ लाच अडणार. उजवीकडे काही गुन्हा नसताना शिक्षा मात्र दोन्हीकडे.

दशांशचिन्ह
@कडेकडेने, हे फार छान! आलेख काढून दाखवते. आणि बरोबर १ असला तर? √२ = √(१ + १)?

कडेकडेने
चालतं, पण रांगत. बेरजा १, १.५, १.३७५, १.४३७५, १.३९८४… अशा १.४१४२ च्या वरखाली हेलकावे खातात. चार दशांश स्थळं हवी असतील तर शेकडो पदं घ्यावी लागतील. अभिसारी (शेवटी उत्तरावर टेकणारी) आहे असं म्हणून पाठ थोपटून घ्यायची, बाकी उपयोग शून्य.

आळशी_अंक
मी तोंडी हिशोबाला वेगळी पद्धत वापरतो. ९ आणि १६ मध्ये अंतर ७, आपण ९ च्या पुढे १. म्हणून √१० = ३ + १/७ = २२/७. मग लक्षात आलं की ही संख्या कुठेतरी पाहिली आहे.

शून्यमनस्क
हहपुवा! आणि ब्रह्मगुप्त π साठी √१० घ्यायचा. म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं.

खडू_डस्टर
@पाढेवाला, "जवळचा पूर्ण वर्ग" हे अर्धंच उत्तर झालं. पूर्ण वर्गच हवा असं कुणी सांगितलं? अपूर्णांकाचा वर्ग का नको?

१९/६ घ्या. याचा वर्ग ३६१/३६, आणि १० म्हणजे ३६०/३६. फरक फक्त एका छत्तिसांशाचा. म्हणून

√१० = (१९/६)·√(३६०/३६१) = (१९/६)·√(१ − १/३६१)

आता क्ष = −१/३६१. मघाशी १/९ होता. पदं तेवढीच, चारच घ्या:

१ − १/७२२ − १/१०४२५६८ − १/७५२७३४०९६

हे कंस सोडवून १९/६ ने गुणलं की ३.१६२२७७६६०१७६ येतं. खरं मूल्य ३.१६२२७७६६०१६८… ३ धरून चार पदांत चौथ्या दशांश स्थळापर्यंत नीट गेलो होतो, इथे त्याच चार पदांत दहाव्यापर्यंत.

वर्गात मी हेच ठासून सांगतो. जास्त पदं घेऊन घाम गाळू नका, घाम काय तो मुळाबाहेर काढायच्या अवयवावर गाळा. प्रत्येक नवं पद उत्तराला साधारण क्ष च्या पटीत सुधारतं. क्ष जर १/९ असेल तर पदामागे जेमतेम एक दशांश स्थळ मिळतं, १/३६१ असेल तर अडीच.

दशांशचिन्ह
मान्य! पण १९/६ आला कुठून? मुलं हेच विचारणार. "सरांना सुचला" हे उत्तर परीक्षेत चालत नाही.

पाढेवाला
मीही तेच विचारणार होतो. टोपीतून ससा काढल्यासारखा १९/६ काढलाय.

सरासरीवाले
ससा वगैरे काही नाही. ३ घ्या, १० ला ३ ने भागा, १०/३ आलं. दोघांची सरासरी काढा: (३ + १०/३)/२ = १९/६. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनची पद्धत, दोन हजार वर्षं जुनी.

आणि आता माझा मूळ आक्षेप. ही पद्धत हाताशी असताना श्रेढी हवी कशाला? तेच पुन्हा करा. १९/६ आणि ६०/१९ यांची सरासरी ७२१/२२८ = ३.१६२२८०७. आणखी एकदा केलं की १०३९६८१/३२८७७६, आणि हा अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. दर पायरीला बरोबर स्थळं साधारण दुप्पट. खडू_डस्टर यांच्या चार पदांपेक्षा काकणभर सरसच. सहगुणक पाठ करायला नकोत, क्ष एकपेक्षा लहान आहे का बघायला नको. सुरुवात १०० पासून केली तरी गाडी उत्तरावर येते.

खडू_डस्टर
येते ना, पण ३२८७७६ ने हाताने भागाकार करून दाखवा, मग बोलू.

श्रेढीत प्रत्येक पद मागच्या पदावरून मिळतं. एकदा क्ष/२ काढलं की पुढचं पद (चिन्ह सोडून) = मागचं × क्ष × १/४, त्यापुढचं × क्ष × ३/६, मग ५/८, मग ७/१०. कागदावर ३६१ ने भागत जायचं आणि छोट्या अपूर्णांकाने गुणायचं. शिवाय एक पद कमी पडलं तर आधीचं काही खोडावं लागत नाही, खाली एक ओळ वाढवायची. तुमच्या पद्धतीत दर वेळी नवा, आधीपेक्षा दुप्पट लांबीचा भागाकार मांडायचा.

सरासरीवाले
हाताने करणाऱ्यांसाठी ठीक. पण हाताने करतंय कोण?

दशांशचिन्ह
माझी मुलं :)

जुनी_वही
वरचे दोघं भांडतायत ते एकाच गोष्टीवरून. ३ धरून श्रेढीची पहिली दोन पदं घ्या: ३·(१ + १/१८) = ३ + १/६ = १९/६. म्हणजे हेरॉनची पहिली पायरी आणि द्विपद विस्ताराची पहिली दुरुस्ती हे अक्षरशः एकच. दुसरी पायरी म्हणजे नव्या आकड्यावर पुन्हा तीच एक दुरुस्ती.

बखशाली या जुन्या भारतीय गणिती हस्तलिखितात वर्गमुळाचं सूत्र आहे. आजच्या चिन्हांत लिहायचं तर

√(अ² + ब) ≈ अ + ब/२अ − (ब/२अ)² ÷ २(अ + ब/२अ)

अ = ३, ब = १ ठेवून बघा: १९/६ − १/२२८ = ७२१/२२८. सरासरीवाल्यांचा दुसऱ्या पायरीचा आकडा, जसाच्या तसा.

याचाच आणखी गमतीदार नमुना शुल्बसूत्रांत (यज्ञवेदी रचण्याच्या प्राचीन ग्रंथांत) आहे. बौधायनाचं √२: १ + १/३ + १/(३·४) − १/(३·४·३४). पहिली तीन पदं मिळून १७/१२. त्याचा वर्ग २८९/१४४, म्हणजे २ पेक्षा १/१४४ जास्त. आता द्विपदाची पहिली दुरुस्ती करा: जास्तीचा भाग भागिले मूळ आकड्याची दुप्पट, (१/१४४) ÷ (१७/६) = १/४०८. आणि ३·४·३४ = ४०८. एकूण ५७७/४०८ = १.४१४२१५६…, पाच दशांश स्थळं बरोबर.

शून्यमनस्क
म्हणजे न्यूटनने इथूनच उचललं. मला वाटलंच होतं.

जुनी_वही
नाही हो, असं काही मी म्हटलं नाही. शुल्बसूत्रात फक्त उत्तर दिलं आहे, रीत दिलेली नाही. आकड्याची घडण या रीतीशी जुळते, इतकंच म्हणता येतं. चौरस कापून जोडण्याच्या भूमितीतूनही तेच निघतं. एक दुरुस्ती करणं वेगळं, आणि कुठल्याही घातांकासाठी न संपणाऱ्या पदांचा नियम सांगणं वेगळं. दुसरं काम न्यूटनचं आहे. बॅबिलोनच्या मातीच्या पाटीवर √२ साठी साठमान पद्धतीत (दहाऐवजी साठच्या पायावर) १. २४, ५१, १० कोरलेलं आहे, ते बौधायनाच्या आकड्यापेक्षाही जवळचं आहे. मग त्यांनाही श्रेढी येत होती म्हणायचं का?

कडेकडेने
+१. न्यूटनने हे १६६५ च्या आसपास शोधलं, आणि १६७६ मध्ये रॉयल सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्ग याच्यामार्फत लायब्निझला दोन पत्रं लिहून कळवलं. दुसऱ्या पत्रात त्याने खातरजमा कशी केली ते सांगितलं आहे, आणि ती मुलांकडून करून घेण्यासारखी आहे. श्रेढीला श्रेढीनेच गुणायचं. १ − क्ष/२ − क्ष²/८ − क्ष³/१६ चा वर्ग करा. क्ष² ची पदं: १/४ − १/४ = ०. क्ष³ ची: १/८ − १/८ = ०. उरतं १ − क्ष, आणि शेपूट फक्त क्ष⁴ च्या पुढचं. जितकी जास्त पदं घ्याल तितकं शेपूट मागे सरकतं. यात कसलं कॅल्क्युलस नाही, निव्वळ गुणाकार. न्यूटनने आधी हे आकड्यांच्या मांडणीवरून ताडलं होतं, रीतसर सिद्धता पुढच्यांनी दिली.

पाढेवाला
माझ्या "संपलं" नंतर धागा बराच पुढे गेलेला दिसतोय.

आळशी_अंक
सहगुणक पाठ होत नाहीत अशांसाठी (म्हणजे माझ्यासाठी) एक युक्ती. क्ष च्या जागी −४य ठेवा. सगळे छेद गायब होतात:

√(१ − ४य) = १ − २·(य + य² + २य³ + ५य⁴ + १४य⁵ + ४२य⁶ + …)

१, १, २, ५, १४, ४२: या कॅटलान संख्या. कंस जुळवण्याचे प्रकार मोजताना भेटतात त्याच. आता य = ०.०१ ठेवा, म्हणजे √०.९६. कंसातली बेरीज:

०.०१ ०१ ०२ ०५ १४ ४…

दोन-दोन अंकांचे डबे पाडून संख्या आपोआप लिहिल्या जातात. ४२ नंतर १३२ दोन अंकांत मावत नाही, तिथून हातचा मागे येतो आणि मजा बिघडते. तोवर √०.९६ = ०.९७९७९५८९७११ मिळून गेलेलं असतं. त्याला २.५ ने गुणा, √६ तयार. एवढी मेहनत मी वर्षातून एकदाच करतो.

दशांशचिन्ह
@आळशी_अंक, तुमचं नाव बदला. हे उद्याच फळ्यावर जाणार.

सरासरीवाले
कॅटलानवाला प्रतिसाद आवडला, तरी माझा प्रश्न शिल्लक आहे. किंमत काढायला श्रेढी कुणी वापरत नाही. मग ती शिकवायची कशासाठी?

दुर्बीण
किंमत काढायला नसेल, पण क्ष ला क्ष च ठेवायचं असेल तेव्हा तुमची सरासरी काय कामाची? भौतिकशास्त्रात रोज लागतं. सापेक्षतेत ऊर्जेच्या सूत्रात १/√(१ − वेग²/प्रकाशवेग²) असतं. घातांक −१/२ घेऊन विस्तार केला की पहिल्या पदात वस्तू स्थिर असतानाची ऊर्जा निघते, दुसऱ्यात शाळेतली ओळखीची ½ × वस्तुमान × वेग². तिसरं पद सांगतं की शाळेतलं सूत्र किती आणि कधी चुकायला लागतं. हे हेरॉनच्या एका उत्तरातून दिसणार नाही, कारण तिथे आकडा मिळतो, संबंध मिळत नाही.

आणि आकड्यांतही श्रेढी कधीकधी संगणकाला वाचवते. १०^१६ + १ चं वर्गमूळ काढून त्यातून १०^८ वजा करा. संगणकाच्या नेहमीच्या 'डबल प्रिसिजन' आकडेमोडीत उत्तर येतं चक्क शून्य, कारण त्यात साधारण सोळाच अंक मावतात आणि तो बिचारा +१ आधीच गळून पडलेला असतो. श्रेढीचं पहिलं पद तोंडी सांगतं: १/(२ × १०^८), म्हणजे ०.०००००० ००५.

सरासरीवाले
हे मात्र चोख. आकडा हवा तर सरासरी, सूत्र हवं तर श्रेढी, यावर मी सही करायला तयार आहे.

खडू_डस्टर
मी नाही. १९/६ सरासरीने काढा आणि पुढचं श्रेढीने करा, हा माझा मार्ग. दोन्ही मिळून.

दशांशचिन्ह
सगळ्यांचे आभार, पण माझा तिसरा प्रश्न कुणीच घेतला नाही. उत्तर माहीत नसताना किती स्थळं बरोबर आहेत ते कसं कळणार? वर सगळे "खरं मूल्य अमुक" म्हणून मोकळे झालेत. परीक्षेत खरं मूल्य कोण देणार?

कडेकडेने
खरंच राहिलं की. दोन प्रकार आहेत.

क्ष धन असेल (३·√(१ + १/९) सारखं), तर पदांची चिन्हं आलटून पालटून येतात आणि पदं लहान होत जातात. अशा वेळी चूक ही सोडलेल्या पहिल्या पदापेक्षा नेहमी कमी असते, आणि कुठल्या बाजूला आहे तेही कळतं. इथे सोडलेलं पद ३ × ५/१२८ × (१/९)⁴, म्हणजे सुमारे ०.००००१८, आणि चिन्ह ऋण. तेव्हा ३.१६२२९४ हे उत्तर जास्त आहे, पण ०.००००१८ पेक्षा जास्त नाही. म्हणजे खरं उत्तर ३.१६२२७६ आणि ३.१६२२९४ यांच्या मध्ये. खरं मूल्य न बघता कळलं.

क्ष ऋण असेल तर १ नंतरची सगळी पदं एकाच चिन्हाची, त्यामुळे सोडलेली सगळीच एका बाजूला साठतात. पण प्रत्येक पद मागच्याच्या |क्ष| पटीपेक्षा लहान असतं (ते १/४, ३/६, ५/८ गुणक सगळे एकच्या आतले). म्हणून सगळं शेपूट मिळून पहिल्या सोडलेल्या पदाला (१ − |क्ष|) ने भागलं तर येईल त्यापेक्षा कमीच. १/३६१ असताना हा भागाकार पदात जेमतेम फरक करतो. पहिल्या सोडलेल्या पदाला १९/६ ने गुणा, सुमारे ७ भागिले १०^१२ येतं. दहा दशांश स्थळांवर बिनधास्त सही करा.

४ धरणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र |क्ष| = ३/८, तिथे त्या भागाकाराने पद दीडपटीहून जास्त फुगतं. मर्यादा सुमारे ०.००५ येते. त्याचं ३.१६६५ दुसऱ्या दशांश स्थळापुढे भरवशाचं नाही हे त्यालाच आधी कळायला हवं होतं.

दशांशचिन्ह
परफेक्ट. आता घरचा अभ्यास म्हणून √१३ देणार आहे. पण इथे ३ धरून सरासरी घेतली तर ११/३ येतो, त्याचा वर्ग १२१/९ आणि १३ म्हणजे ११७/९. फरक चार नवमांश. १९/६ इतकं छान जुळत नाही.

खडू_डस्टर
दर वेळी सरासरीच हवी असं नाही. ३.६ चा वर्ग १२.९६, तोंडी येतो. ०.०४ ÷ १२.९६ = १/३२४. म्हणून √१३ = ३.६·√(१ + १/३२४). चार पदांत ३.६०५५५१२७५५.

जुनी_वही
आणि ३.६ म्हणजे १८/५. १८² − १३·५² = −१. फरक नेमका एकाचा आणणाऱ्या अशा जोड्या शोधणं हाच वर्गप्रकृतीचा विषय. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दोन जोड्यांवरून तिसरी करायची रीत दिली. १८/५ ची स्वतःशीच जोडी लावली की ६४९/१८० मिळतो: ६४९² − १३·१८०² = १. तो घेतला तर क्ष = −१/४२१२०१. मग दुसऱ्या पदाच्या पुढे जायची गरजही फारशी उरत नाही.

पाढेवाला
६१ साठी करून बघा कुणीतरी.

जुनी_वही
भास्कराचार्यांनी केलंय. सगळ्यात लहान जोडी १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. यांचा भागाकार केलात की श्रेढीचं एकही पद न लावता सतरा दशांश स्थळं मिळतात.

आळशी_अंक
एकही पद न लावता? ही पद्धत माझी.